भुंग्यांची दुपार

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात लेनार्तची मांडी मोडली, आणि तीसुद्धा ओंडक्याखाली सापडून. दारू पिऊन जिन्यावरून पडला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण ग्रेबेनच्या डोंगरावरची निम्मी माणसं ज्याच्या हाताखाली झाड पाडायला शिकली, त्याच्याच अंगावर लाकूड उलटावं, हे त्याला मांडीच्या कळांपेक्षा जास्त झोंबलं. महिन्याने तो दवाखान्यातून घरी आला तो मांडीत लोखंडी सळई आणि काखेत दोन कुबड्या घेऊन. ऑगस्टपर्यंत डोंगर चढायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. घरासमोरच्या बाकावर बसायचं आणि मान वर करून आपल्या जंगलाकडे बघत राहायचं, एवढंच काम उरलं. बोलायला मात्र डॉक्टरने मनाई केली नव्हती. घरात होतं कोण, तर बायको तिल्का, चार गायी आणि एक बहिरं कुत्रं. त्यात सुखी असं कुत्रंच.

जंगल म्हणजे घराच्या डोक्यावरचा स्प्रूसच्या, सुईसारख्या पानांच्या झाडांचा पट्टा. आजोबांनी रोपं लावली, बापाने विरळणी केली, आणि लेनार्तने एकेक झाड पोटच्या पोरासारखं वाढवलं. लाकूड तर होतंच, पण खरी गोष्ट वेगळी होती. हिवाळ्यात वरच्या कड्यावरून सुटणारा बर्फ ही झाडं छातीवर घ्यायची, म्हणून खाली येसेनिकांचं, म्हणजे लेनार्तचं घर उभं होतं. झाडं गेली की पहिल्याच मोठ्या बर्फात घर ओढ्यात जाणार, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

आणि झाडं जायची लक्षणं दिसायला लागली होती. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात पाऊस पडता पडता फांद्यांवरच गोठला. त्या वजनाने अख्ख्या डोंगरावर शेंडे मोडले, झाडं उभी चिरली. मोडलेलं, तहानलेलं लाकूड म्हणजे सालभुंग्याला घरबसल्या आवतण. भुंगा गव्हाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, केसाळ. सालीखाली शिरतो, वर-खाली बोगदे काढतो, आणि झाडाचा गळाच आवळतो. शेजारच्या कोगेलांचा उतार वसंतात हिरवा होता, ऑगस्टात लाल झाला आणि नाताळला करडा. त्यांच्या आणि येसेनिकांच्या झाडांमध्ये अंतर किती, तर एका बैलगाडीच्या वाटेएवढं.

म्हणून तर लेनार्तने फेब्रुवारीत बारा आमिषाची झाडं पाडली होती. चांगली, रसरशीत झाडं निवडायची, जंगलाच्या कडेला आडवी टाकायची आणि वरून त्यांच्याच फांद्या घालायच्या. वसंतात भुंगे उडाले की ते उभ्या झाडांआधी या आडव्यांवर तुटून पडतात. ते आत शिरले, अंडी घातली, अळ्या झाल्या, की साल सोलून काढायची. उघड्या पडलेल्या अळ्या उन्हाने मरतात. सगळी गंमत दिवस ओळखण्यात असते. लवकर सोललं तर आया निसटून दुसरीकडे अंडी घालतात. उशीर झाला तर आपणच पोसलेली पिलं आपलंच जंगल खायला उडतात. बाराव्या झाडाने लेनार्तची मांडी घेतली, पण आमिषं मांडून झाली होती.

कोगेलांच्या गाश्परचा आदल्या वर्षी हाच दिवस चुकला होता. तो बांधकामावर दोन आठवडे सीमेपलीकडे ऑस्ट्रियात गेला आणि परत येईतो सालीखाली काही उरलं नव्हतं. तेव्हा लेनार्तने चर्चच्या अंगणात चारचौघांत म्हटलं होतं, की कोगेलांनी आता डुकरं सोडून भुंगे पाळायला घेतलेत. अंगण हसलं. गाश्परने टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

लेनार्तचा स्वतःचा दिवस मात्र पक्का होता, बापाकडून आलेला. संत यूरीच्या दिवशी, म्हणजे एप्रिलच्या चोविसाव्याला, भुंगा उडतो. संत उर्बानच्या दिवशी, म्हणजे मेच्या पंचविसाव्याला, साल सोलायचं पातं हातात घ्यायचं. आजोबांनी असंच केलं, बापाने असंच केलं, आणि येसेनिकांचं जंगल हिरवं राहिलं.

एप्रिलच्या अकराव्या दिवशी दुपारी तिल्काने धुतलेल्या चादरी आवारात वाळत घातल्या होत्या. ऊन चढलेलं, वारा पडलेला. ती एक चादर तशीच ओली काढून बाकापाशी घेऊन आली. पांढऱ्या कापडावर सतरा-अठरा तपकिरी ठिपके चालत होते.

"हे बघ," ती म्हणाली.

लेनार्तने पाहिलं. "असले शंभर जातींचे भुंगे असतात."

"मागची बाजू खोलगट आहे. कडेला दात आहेत. मी मोजले."

"अजून यूरीचा दिवस लांब आहे."

"त्यांना कुणी सांगितलंय का ते?"

लेनार्त हसला. तिल्का होती खालच्या मुलखातली, द्राक्षमळ्यातली. एकतीस वर्षं या घरात काढली, पण जंगलात तिचं काम म्हणजे दुपारची भाकरी पोचवणं. मळेवाल्यांना सुया असलेलं प्रत्येक झाड नाताळचंच वाटतं, अशी इकडच्या लोकांची थट्टा होती, आणि ती करण्यात लेनार्तही मागे नव्हता. त्याने चादर झटकली आणि विषय संपवला.

तिल्काने संपवला नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्यातला तापमापक भिंतीवरून गायब झाला. लेनार्तने विचारलं तर म्हणाली, पहिल्या आमिषाच्या झाडावर टांगलाय, सावलीच्या बाजूला. त्या दिवसापासून जेवण बाराऐवजी अकराला मिळायला लागलं. कुट्टूच्या पिठाची उकड, वर चरबीचे कुरकुरे, बाजूला आंबट दुधाचा वाडगा, असं सगळं पुढ्यात ठेवून ती निघायची. बाकावरून लेनार्तला जंगलाच्या कडेला तिचा निळा रुमाल दिसायचा. बारापासून चारपर्यंत तो तिथून हलायचा नाही. घर आता भुंग्यांच्या वेळेवर चालायला लागलं होतं, आणि घरधन्याला कुणी विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी दूध काढताना ती सांगायची. लेनार्त गोठ्याच्या दारात कुबड्यांवर लोंबकळत, ऐकत नसल्यासारखं ऐकायचा. सकाळी काही नाही, म्हणायची. पारा सतराच्या वर गेला की पहिला एखादा सालीवरून उठतो, परत बसतो. एकोणीस-वीस झाला की उडतात. एकदम नाही, चार-पाच, मग दहा-वीस. एक ते तीन सगळ्यात जास्त. ढग आला की जणू दार लावल्यासारखं सगळं बंद. ढग गेला की पुन्हा सुरू. दोन दिवस गारठा पडला तर दोन दिवस एकही नाही, आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं की तुंबलेले सगळे एकाच दुपारी.

"आधी नर येतो," एकदा ती म्हणाली. "एकटाच. साल पोखरून आत खोली करतो आणि मग वास सोडतो. त्या वासावर दोन-तीन माद्या येतात. आणि बाकीचे नरही येतात, शेजारी शेजारी घरं करायला. एवढासा जीव, लेनार्त. हजार झाडांतून तहानलेलं झाड बरोबर ओळखतो. आपल्याला आपली गाय आजारी आहे हे कळायला दोन दिवस लागतात."

"कौतुक करायला लागलीस की काय त्यांचं?"

"करायलाच पाहिजे. कौतुक नाही केलं तर बघणार कसं त्यांच्याकडे?"

लेनार्तला हे बोलणं आवडलं नाही, पण झोपताना त्याच्या लक्षात आलं की चाळीस वर्षांत आपण भुंगे मारले पुष्कळ, आणि बसून पाहिले एकदाही नाहीत.

मेच्या सोळाव्या तारखेला, शनिवारी, तिल्का अकराच्या जेवणाआधीच वरून खाली आली. हातात ताटाएवढा सालीचा तुकडा होता. बाकावर बसलेल्या लेनार्तच्या मांडीवर, चांगल्या मांडीवर, तिने तो उलटा ठेवला. आतल्या बाजूला मधला उभा बोगदा आणि त्याला दोन्हीकडून फुटलेल्या बारीक वाटा, प्रत्येक वाट पुढे रुंद होत गेलेली. वाटांच्या टोकाला जाड, मळकट पांढऱ्या अळ्या. आणि उन्हाकडच्या बाजूला पाच-सहा ठिकाणी अळी नव्हतीच. तिथे पाय पोटाशी घेऊन निजलेले, दुधासारखे पांढरे कोष होते.

लेनार्तने सालीकडे पाहिलं. तुकडा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"उर्बानला नऊ दिवस आहेत," तो शेवटी म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"नऊ दिवसांनी यांना पंख असतील. अजून बहुतेक अळ्याच आहेत. आता सोललं तर ऊनच मारेल. नंतर साल जाळावी लागेल, आणि या कोरड्यात जाळायला बंदी आहे." ती खाली बसली. तिच्या बोटांच्या पेरांत राळ बसून काळी झाली होती. "सोमवारपासून उष्णता आहे, रेडिओवर सांगितलं. तीन दिवसांत बारा झाडं. मी एकटी दिवसाला दोन करीन. तीसुद्धा कंबर राहिली तर."

बाकीची सहा कोण करणार, हे तिने विचारलं नाही. हाकेच्या अंतरावर पातं धरता येणारी दोनच माणसं होती. एक बाकावर बसलेलं आणि दुसरं कोगेलांकडे. ती आत गेली आणि टेलिफोन लांब वायरीसकट बाहेर आणून बाकावर ठेवला. मग गायींना पाणी दाखवायला निघून गेली. तेवढी सोय तिने नवऱ्याची केली.

लेनार्तने फोनकडे बराच वेळ पाहिलं. आकडे फिरवले, ठेवला, पुन्हा फिरवले. पलीकडे गाश्परनेच उचलला.

"येसेनिकांकडून बोलतोय," लेनार्त म्हणाला.

पलीकडे गाश्परने रेडिओ बारीक केला.

"आमिषाची झाडं सोलायला आलीत. माझा दिवस चुकला."

गाश्पर म्हणाला, "किती डुकरिणी व्यायला झाल्यात?"

लेनार्तने डोळे मिटले. "बारा."

"जेवून येतो," गाश्पर म्हणाला आणि फोन ठेवला.

तिल्काने ट्रॅक्टर काढला. मागची गाडी म्हणजे वासरं बाजाराला न्यायची उघडी पेटी. तिच्यात बटाट्याची रिकामी पोती अंथरली, लेनार्तला दोन्ही बगलांतून धरून चढवला, कुबड्या आणि एक लाकडी बादली बाजूला ठेवली. डॉक्टरने चढू नको म्हटलं होतं, बसून जाऊ नको असं म्हटलं नव्हतं. वाटेत वळणावर गाश्पर उभा होता, खांद्यावर दोन पाती. पाय लांब करून वासराच्या पेटीत पडलेला लेनार्त त्याच्यासमोरून गेला तेव्हा गाश्परने टोपी काढून छातीशी धरली, अंत्ययात्रेला धरतात तशी. लेनार्तच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ते त्याचं देणं होतं आणि त्याने ते गिळलं.

पातं म्हणजे लांब दांड्याचं, अरुंद, पुढे धार असलेलं फावडं. ते सालीखाली सारायचं आणि सगळं अंग लोटायचं. रस चढलेला असल्याने साल ओली सुटत होती, हातभर, दोन हात, चर्र असा आवाज करत. आतलं लाकूड लोण्याच्या रंगाचं निघत होतं. सोललेली साल उलटी करून उन्हात टाकायची. अळ्या थोडा वेळ वळवळायच्या आणि मग सुरकुतायच्या. लहान पाखरांना बातमी लागली आणि ती माणसांच्या पायांत येऊन टिपायला लागली.

लेनार्त बादली पालथी घालून बसला होता, पाय सरळ पुढे. बसल्या जागी हात पोचेल तेवढं सोलायचं, मग ढुंगणाने बादली हातभर सरकवायची. गाश्पर दुसऱ्या झाडावर त्याच्याहून तिप्पट वेगाने पुढे गेला आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ते मुद्दाम पाहिलं नाही हे लेनार्तला कळलं, आणि त्याबद्दल त्याला त्या माणसाविषयी बरं वाटलं.

पण त्याची नजर खरी होती तिल्कावर. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नवऱ्याच्या जुन्या विजारीत, रुमाल घामाने कपाळाला चिकटलेला. ती जोर लावत नव्हती. पातं सारून थांबायची, पाय बदलायची, आणि अंगाचं वजन नुसतं पुढे टाकायची. साल आपण होऊन सुटायची. हे तिला कुणी शिकवलं, हे लेनार्तला कळेना. त्याने तर नक्कीच नाही. झाडाच्या उन्हाकडच्या बाजूपासून सुरुवात करायची, कारण कोष तिथे आधी होतात, हेही तिनेच ठरवलं होतं. बापाच्या काळापासून ते बुंध्याकडून सुरू करत आले होते, का ते कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी खाली चर्चची घंटा वाजली तेव्हा तिघेही कामात होते. ग्रेबेनमध्ये रविवारी कुणी कुऱ्हाडीला हात लावत नाही. गाश्परने हात थांबवून विचारलं, की फादरना काय सांगायचं. तिल्का वाकलेलीच म्हणाली, "सांग, भुंग्यांना रविवार नसतो." आणि पातं सारलं. सोमवारी ऊन तापायच्या आत बारावं झाड पांढरं झालं. गाश्परने आपली दोन्ही पाती गवतावर पुसली, लेनार्तने दिलेला सफरचंदाच्या दारूचा पेला उभ्यानेच संपवला, आणि पेला परत देताना म्हणाला, की वर्षभरापूर्वी अशी एक बायको आपल्याकडे असती तर आपला उतार आज हिरवा असता. लेनार्त म्हणाला, आपल्याकडे ती होती आणि तरीही वासराच्या पेटीतून यावं लागलं. त्यावर दोघेही हसले, आणि बोलणं सुरू झालं ते असं.

जून संपता संपता भुंग्यांची दुसरी पिढी उडायला लागली. ही त्यांच्या झाडांतली नव्हती, कड्यापलीकडून येणारी. तेव्हा लेनार्त स्वतःच अकरा वाजले की चमचा हातात घेऊन बसायचा, म्हणजे तिल्काला उशीर होऊ नये. उन्हाळा कडक होता. पारा तिसाच्या वर गेला की भुंगे दुपारी उडत नाहीत, सालीच्या सावलीत बसून राहतात, आणि दहाच्या सुमाराला व पाचनंतर निघतात, हे तिने त्याला सांगितलं. मग तिच्या जेवणाच्या वेळाही बदलल्या. सकाळी वारा सुटायच्या आत ती बुंध्याबुंध्याशी गुडघ्यांवर बसून भुसा शोधायची. भुंगा पोखरतो तेव्हा कॉफीच्या भुकटीसारखा तपकिरी भुसा खाली सांडतो. तो दिसला की झाड गेलंच.

वनखात्याचा बोश्त्यान जुलैच्या पहिल्या आठवड्यात फेरीला आला. चाळिशीचा, सावध माणूस. लाल रंगाचा डबा कमरेला. त्या दिवशीही लेनार्तला गाडीतून वर नेलं होतं, आणि गाश्परही आला होता, कारण वाटेवरच्या झाडांचं पाहायचं होतं. तिल्काने बोश्त्यानला भुसा पडलेली दोन झाडं दाखवली. त्याने वाकून पाहिलं, मान डोलावली आणि पाडायच्या खुणेचे लाल पट्टे ओढले. एवढ्या वाळल्या वर्षात दोनच, तो म्हणाला, खालच्या गावात दोनशे आहेत.

"हेही," तिल्का म्हणाली.

ती सीमेच्या स्प्रूसखाली उभी होती. येसेनिक आणि कोगेल यांच्या हद्दीवरचं ते झाड, दोन माणसांनी हात लावून कवेत येईल असं, डोंगरावरचं सगळ्यात उंच. दोन्ही घरांच्या आजोबांनी एकमेकांत ठरवलं होतं की एकट्याने याला हात लावायचा नाही. कोगेलांच्या उतारावर उभं राहिलेलं तेवढंच हिरवं उरलं होतं.

बोश्त्यानने बुंध्याभोवती चक्कर मारली. गुडघ्यावर बसला, शेवाळ बाजूला केलं, सालीच्या फटीत बोट फिरवलं. दुर्बीण लावून शेंडा पाहिला. हिरवागार.

"इथे काही नाही, बाई," तो म्हणाला. "भुसा नाही, राळ नाही."

"खाली नाही. वर आहे, फांद्या सुरू होतात तिथे. तेरवा सकाळी दहा वाजता ते वर जाऊन बसत होते. परवाही, कालही. आज चौथा दिवस. भुसा वरच्या शेवाळात अडकतो, खाली येत नाही."

"पंचवीस मीटरवरचा भुंगा तुम्हाला दिसला?"

"उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं की दिसतात. उडताना चमकतात."

बोश्त्यानने डबा कमरेला परत लावला. तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, दहा दिवस थांबू, खूण दिसली तर पट्टा ओढतो. तिल्का म्हणाली, दहा दिवसांत हे झाड भरेल. ते आतून हाका मारताहेत. झाड भरलं की येणारे शेजारच्या झाडांवर जातील, आणि शेजारची झाडं आमची. तिथून पुढे घरापर्यंत थांबायला जागा नाही. बोश्त्यान म्हणाला, की मालकांनीच पाडायचं म्हटलं तर तो नोंद करील, पण एवढं निरोगी झाड कुणाच्या नजरेच्या भरवशावर पाडल्याचं तो तरी आजवर ऐकून नाही.

सगळ्यांनी लेनार्तकडे पाहिलं. गाश्पर म्हणाला, की अर्धं झाड त्याचं आहे आणि त्या अर्ध्याचं येसेनिक ठरवील ते.

लेनार्त कुबड्यांवर उभा राहिला आणि मान मागे टाकून त्याने वर पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं तेवढंच. अख्ख्या डोंगरावर असं दुसरं झाड नव्हतं, आणि पडलेलं झाड परत उभं राहत नाही. त्याच्या बापाने या झाडाकडे बघून टोपीला हात लावलेला त्याने पाहिला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, वर बघत होती, एक हात डोळ्यांवर धरून.

"पाडू," लेनार्त म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाश्परने करवत लावली. झाड वरच्या बाजूला, मोकळ्या उतारावर पाडायचं, कुठे खाच घ्यायची, पाचर कधी ठोकायची, हे लेनार्तने बादलीवर बसून सांगितलं, आणि गाश्परने ऐकलं. पाऊण तास लागला. शेंडा आधी नुसता हलला, मग आभाळाचा एक मोठा तुकडा उघडा पडला, आणि पायांखालची जमीन थडथडली. सुयांचा हिरवा धुरळा कितीतरी वेळ खाली बसत होता. बुंध्याचं लाकूड स्वच्छ, पांढरं, निरोगी होतं. एक डाग नाही.

गाश्पर पातं घेऊन खोडावरून चालत शेंड्याकडे निघाला. तिल्का लेनार्तशेजारी उभी होती. तिने कापलेल्या बुंध्याकडे पाहिलं.

"लेनार्त," ती हळूच म्हणाली. "नसलं तर?"

"नसलं तर नसलं."

"मी तीन दिवस पाहिलं, पण ऊन डोळ्यांवर होतं. दुसरे भुंगे असतील. तूच म्हणाला होतास, शंभर जाती असतात."

"नसलं तर माझं झाड मी पाडलं," लेनार्त म्हणाला. "तू नाही. चर्चच्या अंगणात विचारलं तर मी सांगेन."

वरून गाश्परची हाक आली. पहिल्या फांद्यांपाशी तो खोडावर मांडी घालून बसला होता. "येसेनिक, येतोस का बघायला? खोडाला धरून धरून येशील."

"मला नाही बघायचं," लेनार्त ओरडला. "तू सोल."

सालीखाली पातं सरकल्याचा आवाज आला. गाश्पर वाकला होता, नाक सालीला टेकेल इतका. तिल्काने लेनार्तच्या खांद्यात बोटं रुतवली होती. तो हलला नाही, आणि वरही पाहिलं नाही.

"किती दिवस म्हणाली होती ती?" गाश्परने विचारलं.

"आज पाचवा," लेनार्तने सांगितलं.

"नर खोलीत आहे. दोन माद्या. बोगदा बोटाच्या पेराएवढा." तो थांबला. "अंडी घालायला नुकती सुरुवात केलीय. पुढच्या फुटातही आहेत. सगळीकडे आहेत." मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि या वेळी ती गंमत नव्हती.

तिल्का मटकन खाली गवतात बसली. ती रडली, रुमाल तोंडाला लावून, चांगली मोकळी रडली. लेनार्तने तिला थांबवलं नाही. त्याने फक्त हात तिच्या पाठीवर ठेवला. एकतीस वर्षं ही बाई आपल्या घरात होती आणि आपण तिला भाकरी पोचवायला लावली, असं त्याला वाटलं, आणि ते तो तिला बोललाही. तिल्का म्हणाली, भाकरी खाऊन तुझं काही वाईट झालं नाही.

आठ वाजून गेले होते. ऊन वाटेवर उतरलं होतं. दहा वाजता ते उडायला लागणार, आणि खोड आतून बोलावत असताना तसंच पडून चालणार नव्हतं. लेनार्तने बादली खोडाजवळ सरकवली, पाय सरळ केला, आणि हात पुढे केला. गाश्परने वरून येऊन दुसरं पातं त्याच्या हातात दिलं. लेनार्तने ते धरलं, धार अंगठ्याने पाहिली आणि बायकोकडे वळला.

"कुठून सुरू करू, सांग," तो म्हणाला.